चौथ्या भागाची बैठक

२ जानेवारी २००५, रविवार

यंदा डायरी शेवटपर्यंत लिहायची. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच थांबली आणि पुढच्या पानांवर लोणच्यांच्या कृती चढल्या. आमच्या पूनम सागर सोसायटीत वाचक मंडळ काढून ते तीन वर्षं चालवून दाखवणाऱ्या बाईला स्वतःच्या चार ओळी लिहिता येऊ नयेत म्हणजे कमाल आहे.

आधी मंडळाबद्दल लिहून ठेवते. आम्ही पाच जण. मी रसिका, संस्थापक, अध्यक्ष आणि सगळ्यांच्या मागे लागणारी. उर्मिलाताई निवृत्त शिक्षिका. त्यांना आजवर एकही पुस्तक पूर्ण आवडलेलं नाही. चांदणी ही बी विंगमधली नवी सून, कॉल सेंटरला जाते. स्टेशनरीवाले जितेंद्रभाई मराठी सुधारावं म्हणून आले आणि आता सगळ्यांत जास्त तेच बोलतात. आणि सावित्रीकाकी मूळच्या इथल्याच. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भात पिकायचं, हे त्या दर बैठकीत एकदा तरी ऐकवतात.

पुस्तक एक आणि वाचणारे पाच, म्हणून आमची एक पद्धत आहे. कल्पना माझीच. कादंबरी जाड असली की बाइंडरकडून ती कापून आणायची. चार भाग, प्रत्येकाला वेगळा खाकी पुठ्ठा. आपला भाग वाचून झाला की पुढच्याला द्यायचा आणि मागच्याकडून नवा घ्यायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक. पहिल्यांदा मी हे सुचवलं तेव्हा उर्मिलाताई म्हणाल्या होत्या की पुस्तक कापणं हे पाप आहे. आता रांगेत पहिला नंबर त्यांचाच असतो.

बैठकीच्या सुरुवातीला दोन पानं मी मोठ्यानं वाचते. सगळे म्हणतात, रसिकाताई, तुम्ही रेडिओवर हव्या होतात. मी म्हणते, परीक्षा दिली होती हो, नापास झाले. खरंच झाले होते. स्वप्नील तेव्हा सहा महिन्यांचा होता. परळच्या खोलीत फोन कुठला, म्हणून खालच्या शामजी वाण्याचा नंबर देऊन आले होते. निवड झाली तर कळवू, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. महिनाभर रोज संध्याकाळी ह्यांना विचारायचे, खाली काही निरोप? निरोप आला नाही. जाऊ दे. आपला आवाज आपल्याला गोड.

हे म्हणजे गुणवंत. ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्यात हयात गेली. दीड वर्षापूर्वी व्हीआरएस घेतली, आता दुपारी हाटकेशला जुन्या मित्राच्या, पंढरीनाथच्या प्रेसवर जातात, कॅटलॉगचं काहीबाही करतात. बोलणं मुळातच कमी. काश्मीरला जाऊया? बघू. गॅलरीला ग्रिल लावूया? बघू. एक दिवस यमदूत दारात आला तर त्यालाही बघू म्हणतील.

तर आज ह्यांनी स्वतःहून एक पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. 'बाल्कनीतला माणूस', लेखक राघो पुंडलिक. आमच्या मामंजींचं नाव पुंडलिक होतं, एवढीच काय ती ओळख. "पन्नाशीतल्या माणसाच्या पश्चात्तापावर आहे," हे म्हणाले. "मंडळाला घेऊन बघ." मी चाळलं, जाड होतं. म्हटलं, ठीक आहे, कापून आणा.

"कापायचं?"

"मग काय पूजा करायची? आपलं प्रत्येक पुस्तक कापतोच ना?"

"हो, पण..." म्हणाले. मग पुस्तक पिशवीत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

७ जानेवारी

भाग आले. म्हणजे तीनच आले. चौथ्याला पुठ्ठा कमी पडला, एक-दोन दिवसांत आणतो, असं हे म्हणाले. मी म्हटलं, घाई नाही. उर्मिलाताईंना पहिला भाग देऊन आले.

ह्यांचा चेहरा उतरलेला वाटतोय. जेवले नीट नाहीत.

१३ जानेवारी

रविवारी हळदीकुंकू, त्यामुळे आज साफसफाई. कामवाली नेमकी गावाला. टीव्हीमागची धूळ, पंखे, फ्रिजवरचा पसारा. ह्या घरातल्या माणसांना फ्रिज म्हणजे माळा वाटतो. स्वप्नीलचे जुने पॅड, कॅलेंडरं, ह्यांच्या प्रेसवरचं खाकी कागदातलं काहीतरी, बंद पडलेला स्टॅबिलायझर. सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं आणि फ्रिजवर क्रोशाचा रुमाल घालून फ्लॉवरपॉट ठेवला. आता घर बघण्यासारखं दिसतंय.

पहिला भाग वाचला. मधुकर नावाचा माणूस बाल्कनीत उभा आहे आणि समोरच्या मिठागरांकडे बघतोय. त्याला कशाचा तरी पश्चात्ताप होतोय. कशाचा, ते सांगत नाही. बायको सुमन चहा आणून देते आणि आत जाते. बाईला नाव आहे, तोंड नाही.

रात्री हे म्हणाले, "कुठवर आलीस?" म्हटलं, पहिला झाला. "कसा वाटला?" म्हटलं, तो माणूस अजून उभाच आहे, पाय दुखत नाहीत का त्याचे? हे हसले, पण नेहमीसारखं नाही.

१९ जानेवारी

तक्रारी सुरू. जितेंद्रभाईंनी दुकानातून हाक मारली. "रसिकाबेन, ये माणूस नक्की काय केला आहे? खून केला? पैसा खाल्ला? बोलतच नाय!" चांदणी म्हणाली, तिला हेडफोन लावून गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकणं ह्यापेक्षा बरं वाटतं. सावित्रीकाकी मात्र वेगळंच बोलल्या. त्यांचं वाचन हळू, अक्षर अक्षर लावून. "मिठाचा खरा लिवलाय गो. कोंडीत पानी कवा घेतात, मीठ वडाया फळी कवा मारतात, सगला बरोबर हाय. लिवनारा कोन इथलाच हाय बघ, रोज बगनारा." मी म्हटलं, काकी, मीठ बरोबर असून काय करायचं, भाजीच नाही ना.

आमच्या बाल्कनीतूनही मिठागरं दिसतात, पण मला कधी त्यावर तीनशे पानं सुचली नाहीत.

ह्यांची शुगर तपासून घेतली. झोप नाही, भूक नाही, मी हॉलमध्ये वाचत बसले की हे स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहतात. मला वाटलं शुगरच. नॉर्मल आली. बीपीही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, व्हीआरएसनंतर असं होतं, मन रमवा. मी म्हटलं, एवढी कादंबरी दिली आहे की रमवायला, त्यांनीच.

२५ जानेवारी

तिसरा भाग संपवला, कसाबसा. मधुकर अजून बाल्कनीत. एकदा फक्त शनिवारी पेपर पसरून नखं काढायला बसला तेव्हा बरं वाटलं, निदान टेकला. आमचे हेही शनिवारीच नखं काढतात. पुरुष सगळे एका साच्यातले.

चौथा भाग माझ्याकडे यायचाय. उर्मिलाताईंकडे असेल. खरं सांगायचं तर मी मागायला गेले नाही. त्या 'वाचून झाला नाही' म्हणाल्या असत्या तर मला आनंदच झाला असता, आणि 'हा घ्या' म्हणाल्या असत्या तर वाचावा लागला असता. शिवाय गॅस संपलाय, स्वप्नील पुण्याहून येणार होता तो आला नाही, आणि चकलीची भाजणी दळून आणायचीय. शेवट काय असणार? मरेल, नाहीतर बाल्कनीतून आत येईल.

३० जानेवारी, रविवार

बैठक आमच्याकडे झाली. सविस्तर लिहिते, कारण मला तिचं काही नीट कळलेलं नाही.

एरवी बैठक असली की हे फिरायला निघून जातात. आज घरीच. चहा स्वतः केला, चकल्या स्वतः मांडल्या, इस्त्रीचा शर्ट घातला. आणि ट्रे ठेवून जाण्याऐवजी भिंतीला टेकून उभे राहिले. मी दोन पानं वाचली. वाचताना मान वर केली तर ह्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं उभ्या उभ्या झोप लागली.

मग टीकेचा जो काही पाऊस पडला म्हणता! उर्मिलाताईंनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. "पश्चात्तापाची कादंबरी म्हणता, तर पाप कुठाय? हा माणूस वाचकाला तीनशे पानं दारात उभं करतो आणि आत बोलवत नाही. भाषा बरी आहे, पण हा बिचकतो. कोण हा राघो पुंडलिक? नाव कधी ऐकलं नाही."

"नवीन असेल," हे म्हणाले.

"नवीन माणसानं निदान आठव्या पानाला तरी सांगावं काय झालं ते," चांदणी म्हणाली. "आणि ती बायको! काका, सॉरी हं, पण ती बायको आहे की चहाचं मशीन?"

"हां, एकदम करेक्ट," जितेंद्रभाई म्हणाले. "वाइफला काही डायलॉगच नाय दिला."

हे म्हणाले, "तिला बोलायला मिळालं नाही, हाच कदाचित मुद्दा असेल." सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. तीन वर्षांत आमच्या बैठकीत हे पहिल्यांदा बोलत होते. मी डोळ्यांनी खुणावलं की चहा गार होतोय. पण हे हलले नाहीत. "आणि शेवट?" ह्यांनी विचारलं. "शेवट कसा वाटला?"

चांदणीनं चकली तोंडात टाकली, जितेंद्रभाईंनी कपात बघितलं. मग उर्मिलाताई म्हणाल्या, "शेवट अपेक्षितच होता."

"मला तर आधीच गेस झालेलं," चांदणी.

"एंड में तो वोही होता है ना," जितेंद्रभाई.

सावित्रीकाकी म्हणाल्या, "माजं डोलं दुकतान, मी अजून दुसऱ्यान हाय. मना नका इचारू."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्ष. मी काय म्हणणार होते, वाचला नाही? मी म्हटलं, "शेवटाबद्दल मी एवढंच म्हणेन की लेखकाला काहीतरी सांगायचं होतं, पण समोर येऊन सांगायचा धीर झाला नाही." उर्मिलाताईंनी मान डोलावली. वाक्य खरंच चांगलं होतं, मला स्वतःलाच आवडलं.

हे स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ मात्र चालू होता. आठवड्यातून तीनदा टँकर मागवावा लागतो आणि ह्यांनी नळ सोडून ठेवलेला. बोलणार होते, पण माणसं होती.

३१ जानेवारी

सकाळी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले आणि विचारलं, "तू चौथा भाग वाचलास?"

"वाचला की."

"पूर्ण?"

"पूर्ण. अध्यक्ष आहे मी."

मेथीची एक काडी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "राग नाही आला?"

आता मला काय माहीत कशाचा राग यायला हवा होता. मी आपलं गोलगोल उत्तर दिलं. म्हटलं, "राग कसला? इतक्या वर्षांपूर्वीचं, ते काय उगाळत बसायचं? माणूस आहे, चुकतो."

ह्यांनी मेथीसकट माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "तुझं मन फार मोठं आहे, रसिका," म्हणाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ह्या माणसानं मला बारशाच्या दिवशीसुद्धा असं काही म्हटलं नव्हतं. मी घाबरले. एका कादंबरीला नावं ठेवली म्हणून घरातला माणूस रडतो? म्हटलं, अहो, मेथीला माती आहे, हात सोडा.

५ फेब्रुवारी

आमच्या घरात काय चाललंय ते मला समजेना झालंय.

हे गुणगुणतात. दाढी करताना, चप्पल घालताना. रात्री गाढ झोपतात. काल भांडी घासली. आज हाटकेशहून येताना नवा रेडिओ घेऊन आले. "हा केव्हाच आणायला हवा होता," म्हणाले, "घरात ठेवायची हिंमतच झाली नव्हती." रेडिओला कसली हिंमत लागते? टीव्हीवर एवढी चॅनलं असताना रेडिओ कशाला, म्हटलं, तर नुसते हसले.

स्वप्नीलचा फोन आला. ह्यांनी त्याला सांगितलं, "तुझ्या आईनं मला मोकळं केलं रे." मग पोरानं मला विचारलं, "आई, बाबांना काय झालंय? तुम्ही वेगळे वगैरे होत नाही ना?" मी म्हटलं, गाढवा, शुगर नॉर्मल आहे.

खरं तर बरं वाटायला हवं. माणूस बोलतोय, हसतोय. पण आपण न केलेल्या कामाची शाबासकी मिळाल्यासारखं वाटतंय मला. कोणतं काम, ते मात्र कळत नाही.

९ फेब्रुवारी

टँकरजवळ उर्मिलाताई भेटल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "रसिका, एक सांगते, मंडळात बोलू नकोस. चौथा भाग माझ्याकडे आलाच नाही. मला वाटलं ह्या वेळी तू आधी घेतलास. आणि खरं सांगू, मी मागितलाही नाही. सुटले म्हटलं."

मी हातातली बादली खाली ठेवली. "मला वाटलं तुमच्याकडे आहे."

वर येऊन चांदणीला फोन केला. तिला वाटलं होतं, माझ्याकडून जितेंद्रभाईंकडे गेला. जितेंद्रभाई आधी म्हणाले, "वाचला ना, एकदम सेंटी," मग मी आवाज चढवल्यावर, "बेन, नाय वाचला. भेटलाच नाय. तुम्ही सगळे बोलले म्हणून मीपण बोलला."

म्हणजे पाच जणांनी मिळून न वाचलेल्या शेवटाला नावं ठेवली. चार जणांनी खरं तर. काकींनी निदान डोळ्यांचं कारण दिलं. मला हसू आवरेना, एकटीच हसत बसले. मग आठवलं की ह्यांनीही तोच प्रश्न मला विचारला होता, आणि हसू गेलं.

जितेंद्रभाई शेवटी म्हणाले होते, "बाइंडरकडून आला होता का नक्की?"

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आला होता. जानेवारीच्या नवव्या का दहाव्या तारखेला मी चांदणीशी फोनवर बोलत होते, तेव्हा हे म्हणाले होते, "फ्रिजवर ठेवतोय. आधी तू." आणि मी हाताने 'बरं बरं' केलं होतं. मग साफसफाईत मीच तो माळ्यावर टाकला. फ्रिजवर पुडकं दिसेना म्हणून ह्यांना वाटलं, मी घेतला, वाचला, पुढे पाठवला.

दुपारी हे प्रेसवर गेल्यावर स्टूल लावून खोकं उतरवलं. पॅडखाली पुडकं होतं. सुतळीची गाठ तशीच. वर ह्यांचं अक्षर, नकाशावर घालतात तसं टाकानं काढल्यासारखं: 'चौथा भाग. आधी रसिका.'

स्वयंपाकघरातच खाली बसून वाचला. एवढंच उतरवून घेते.

'फोनवर बाईंचा आवाज स्वच्छ होता. सोमवारी दहा वाजता पाठवा त्यांना, निवड झाली आहे. मधुकर म्हणाला, त्यांचा विचार बदललाय. मग त्यानं पावशेर साखर घेतली आणि वर गेला. सुमननं विचारलं, खाली काही निरोप? तो म्हणाला, नाही. साखर डब्यात ओतताना आपला हात जरासुद्धा हलला नाही, याचं त्याला पुढे जन्मभर नवल वाटत राहिलं.'

परीक्षेला जाताना सुमन निळी साडी नेसली आहे. पदराला शाईचा डाग आहे, तो खांद्यावरून मागे घेऊन तिनं झाकलाय. ती साडी माझी. तो डाग पंढरीनाथला माहीत नाही, माझ्या आईलाही माहीत नव्हता. तो पदर मला कोणी लावून दिला होता, तर ह्यांनी.

आणि राघो हे ह्यांचं पत्रिकेतलं नाव. लग्न ठरवताना मी पाहिलं होतं, विसरले.

१२ फेब्रुवारी

मी पास झाले होते.

१३ फेब्रुवारी

मला राग आलाय. खूप आलाय. पण तो धड काढताही येत नाही, कारण मीच मेथी निवडता निवडता माफ करून बसले आहे. गुन्हा काय ते माहीत नसताना. आता रागवायचं तर आधी सांगावं लागेल की मी थाप मारली. ह्यांच्या एवढ्या मोठ्या खोट्यापुढे माझं एवढंसं खोटं, पण तेच वाटेत आडवं आलंय.

हे बाहेर रेडिओ लावून बसलेत. बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज काही खास नाही. 'श' नीट म्हणत नाही.

महिनाभर मी रोज विचारलं होतं. रोज. आणि नंतर सगळ्या जगाला हसत हसत सांगितलं की मी नापास. उर्मिलाताईंना सांगितलं, स्वप्नीलला त्याच्या दहावीच्या निकालाच्या वेळी सांगितलं, की बघ, आईसुद्धा नापास झाली होती, काही बिघडलं नाही. हे तेव्हा बाजूलाच बसलेले होते.

काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. चार महिन्यांत पोर आजारी पडलं असतं आणि मीच सोडलं असतं. पण मग ते माझं मी सोडलेलं असतं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चौथा भाग चांगला आहे. उर्मिलाताईसुद्धा गप्प बसतील इतका चांगला. तीन भाग जो माणूस बिचकत उभा राहतो तो का बिचकतोय ते कळतं, आणि मग ते तीन भागही चांगले वाटायला लागतात. हे असं लिहू शकतात हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला शिव्या द्याव्यात की शाबासकी, एकाच दिवसात दोन्ही कसं करायचं?

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी हे बाल्कनीत उभे होते. मी रेडिओ बंद केला आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

"मी चौथा भाग वाचला."

"माहितेय. सांगितलंस की."

"तेव्हा नव्हता वाचला. थाप मारली होती. शुक्रवारी वाचला."

ह्यांनी ग्रिल नसलेला कठडा धरला. चेहऱ्यावरचा दोन आठवड्यांचा आनंद माझ्यासमोर उतरला. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा पुन्हा राग आला.

"म्हणजे त्या दिवशी तू..."

"मला काही माहीत नव्हतं. मी कादंबरीबद्दल बोलत होते."

"हं," म्हणाले. मग मिठागरांकडे बघत, "मी पण."

मी विचारलं, का केलंत? म्हणाले, पोर लहान होतं. मी म्हटलं, ते पुस्तकात नाही लिहिलंत, पुस्तकात खरं लिहिलंय. तेव्हा म्हणाले, "भीती वाटली. तू घरात वाचून दाखवायचीस तो आवाज सगळ्या गावाचा झाला असता. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग तिसऱ्या. मग उशीर झाला आणि मग किती उशीर झाला ते सांगायची लाज वाटायला लागली."

"महिनाभर मला विचारायला लावलंत."

"हो."

"तोंडानं सांगता आलं नाही? पुस्तक छापून, परक्या नावानं, तेही शेवटच्या भागात?"

"तोंडानं तीनदा सांगायला गेलो. प्रत्येक वेळी तू काहीतरी बोलत होतीस."

ह्यावर मला हसू आलं आणि ते मी दाबलं. हे हात जोडल्यासारखं काहीतरी करायला लागले, मी म्हटलं, ते नको. मग ह्यांनी विचारलं, "आता काय?" मी आत येऊन कुकर लावला.

१७ फेब्रुवारी

आम्ही फक्त दूध, किल्ली आणि टँकर एवढंच बोलतोय. ह्यांनी रेडिओ पलंगाखाली ठेवला होता, मी तो पुन्हा टेबलावर ठेवला.

नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली: 'रविवारी दोन वाजता जादा बैठक, चौथ्या भागाची. कोणीही वाचून येऊ नये. वाचून दाखवण्यात येईल.'

हे चिठ्ठी वाचून वर आले. "मी बाहेर जाऊ?"

म्हटलं, "नाही. बसायचं. खुर्चीत. भिंतीला टेकून उभं राहायचं नाही."

२० फेब्रुवारी, रविवार

सगळे आले. गेल्या वेळच्या थापेमुळे जरा वरमलेले होते. चहा चांदणीनं केला. हे खुर्चीत बसले, इस्त्रीचा नसलेला शर्ट.

लेखक कोण ते मी सांगितलं नाही. चौथा भाग उघडला आणि वाचायला लागले. पहिल्या पानाला आवाज जड होता, मग सुटला. परळची खोली आली, निळी साडी आली, पदर आला. शामजीचं दुकान आलं. साखरेपाशी मी थांबेन असं मला वाटलं होतं, थांबले नाही. मधुकर रोज संध्याकाळी 'नाही' म्हणतो ती दोन पानं मी जशी वाचायला हवीत तशी वाचली, एकही शब्द न गिळता. हे मान खाली घालून ऐकत होते. पूर्वी मी वाचून दाखवायचे तेव्हाही असेच ऐकायचे.

शेवटच्या पानावर मधुकर बाल्कनीतून आत येतो. सुमन गव्हातले खडे काढत असते. तो तिच्यासमोर बसतो आणि म्हणतो, सुमन, एक निरोप राहिलाय. तिथे पुस्तक संपतं.

मी मिटलं. उर्मिलाताईंनी चष्मा काढला होता, पण पुसला नाही. जितेंद्रभाई एवढंच म्हणाले, "बेन, आवाज..." चांदणी एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होती. हुशार पोरगी आहे.

सावित्रीकाकींना मात्र चैन पडेना. "आनी फुडं? सांगितला का त्यानं बायकोला?"

"सांगितलं," हे म्हणाले.

"मंग? ती काय बोलली?"

काकी पुस्तकाकडे बघत होत्या, बाकीचे माझ्याकडे. ह्यांनीही मान वर केली. सगळी दुपार त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं.

मी चौथा भाग तिसऱ्यावर ठेवला आणि म्हटलं, "ती म्हणाली, बघू."